आवडलेला मेसेज आधी तपासा

(युवा शिबिरातल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आयोजकांनी मला 'आपलं मन आणि आपलं रोजचं वागणं' असा विषय दिला आहे. मी मानसशास्त्रज्ञ नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पण या विषयावरचं वाचत असतो. विषय समुद्राएवढा आहे, त्यामुळे आज मी त्यातला एकच कोपरा घेणार आहे. फोनवर आलेली एखादी गोष्ट आपल्याला खरी का वाटते, आणि ती पुढे पाठवावीशी का वाटते? हे आपण दिवसातून पन्नास वेळा करतो आणि त्याचा विचार एकदाही करत नाही.

सुरुवातीला एक छोटा प्रश्न. माणूस आपल्या मेंदूचा फक्त दहा टक्के भाग वापरतो, हे तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय? हात वर करा. जवळजवळ सगळ्यांनीच. आता हे नेमकं कुठे वाचलं, कोणी सांगितलं, हे किती जण सांगू शकतील? एकही हात नाही.

ही गोष्ट खोटी आहे. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण दोन टक्के असतं, पण तो शरीराची जवळपास वीस टक्के ऊर्जा खातो. नव्वद टक्के रिकाम्या पडलेल्या अवयवावर शरीर एवढा खर्च कशाला करेल? आणि मेंदूच्या अगदी लहानशा भागाला इजा झाली तरी माणसाचं बोलणं किंवा एक हात जाऊ शकतो. बिनकामाचा कोपरा तिथे नाही. तरीही आपण सगळे ही गोष्ट 'जाणतो', कारण ती आपण खूप वेळा ऐकली आहे.

आजचा पहिला मुद्दा हाच. मनाला ओळखीची गोष्ट खरी वाटते.

१९७७ साली लिन हॅशर, डेव्हिड गोल्डस्टीन आणि थॉमस टॉपिनो या अमेरिकी संशोधकांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला. दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा त्यांना साठ-साठ विधानं ऐकवली आणि ती किती खरी वाटतात ते विचारलं. काही विधानं खरी होती, काही खोटी. त्यातली वीस विधानं तिन्ही वेळा परत येत होती. दर खेपेला ती वीस विधानं विद्यार्थ्यांना आधीपेक्षा जास्त खरी वाटत गेली. नवा पुरावा कोणी दिला नव्हता. फक्त ती पुन्हा कानावर पडली होती.

तुम्ही म्हणाल, ज्यांना माहिती नसते त्यांचं असं होत असेल, शिकलेल्यांचं नाही. २०१५ साली लिसा फेझिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. त्यांच्या यादीत एक मजेशीर विधान होतं: स्कॉटलंडचे पुरुष नेसतात त्या आखूड, चुण्यांच्या घागऱ्याला 'साडी' म्हणतात. आपल्याला हसू येतं, कारण साडी काय असते हे आपल्याला पक्कं माहीत आहे. त्या घागऱ्याला किल्ट म्हणतात. पण प्रयोगात असं दिसलं की ज्यांना बरोबर उत्तर माहीत होतं, त्यांनाही अशी खोटी विधानं दुसऱ्यांदा वाचल्यावर थोडी जास्त खरी वाटली. म्हणजे माहिती असली तरी माणूस यातून पूर्ण सुटत नाही.

असं का होतं? पहिल्यांदा ऐकलेली गोष्ट समजून घ्यायला मनाला थोडे कष्ट पडतात. दुसऱ्यांदा ते कमी पडतात. 'सोपं गेलं' ही जी भावना असते, तिलाच मन 'खरं आहे' असं समजून बसतं. बहुतेक वेळा ही पद्धत कामाची आहे. आई रोज सांगते की तवा गरम आहे, तर प्रत्येक वेळी हात लावून बघायची गरज नसते. अडचण तेव्हा येते, जेव्हा एकच गोष्ट कुटुंबाच्या ग्रुपवर, शाळेच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर आणि सोसायटीच्या ग्रुपवर अशी तीनदा येते. आपल्याला वाटतं तीन जण साक्ष देताहेत. खरं तर एकच मेसेज तीन दारांनी आत आलेला असतो.

आता एक खेळ खेळू. मी तीन आकडे सांगतो: २, ४, ६. हे आकडे माझ्या मनातल्या एका नियमात बसतात. तुम्ही तुमचे तीन-तीन आकडे सांगा, मी 'बसतात' किंवा 'नाही बसत' एवढंच सांगेन. त्यावरून नियम ओळखायचा.

'८, १०, १२.' बसतात. '२०, २२, २४.' बसतात. '१००, १०२, १०४.' बसतात. नियम काय? 'दोन-दोनने वाढणारे आकडे.' चूक. '१, २, ५०' हे आकडेही माझ्या नियमात बसतात. नियम एवढाच आहे की प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा हवा.

वाईट वाटून घेऊ नका. लंडनमध्ये पीटर वेसन यांनी हा खेळ विद्यार्थ्यांशी खेळून १९६० साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. २९ पैकी फक्त ६ जणांनी पहिल्याच उत्तरात नियम बरोबर सांगितला. बाकीच्यांचं तुमच्यासारखंच झालं. मनात एक अंदाज धरला आणि त्या अंदाजाला 'हो' मिळेल असेच आकडे विचारत राहिले. अंदाज चुकीचा असेल तर कोणते आकडे तो पाडतील, असं फार थोड्यांनी विचारलं.

इथे माझं काम मला उपयोगी पडतं. आमच्याकडे प्रोग्राम लिहिणारा वेगळा आणि तपासणारा टेस्टर वेगळा असतो. समजा फॉर्ममध्ये वयाचा रकाना आहे. लिहिणारा तिथे २५ टाकतो, फॉर्म चालतो, तो खूश. टेस्टर तिथे उणे पाच टाकतो, नऊशे टाकतो, रकाना रिकामा सोडतो, 'पंचवीस' असं अक्षरांत लिहितो. फॉर्म मोडतो का हे बघणं हेच त्याचं काम. लिहिणाऱ्याला स्वतःचं काम मोडायला जड जातं, त्याचा जीव त्यात गुंतलेला असतो. म्हणून दुसरा माणूस लागतो. आपल्या समजुतींचं असंच असतं. त्या आपणच जपलेल्या असतात, आणि त्यांना टेस्टर ठेवलेला नसतो.

हे दोन्ही मुद्दे आता आपल्या मोहल्ल्यात आणून बघू.

एप्रिल २०२० आठवा. लॉकडाऊन होतं. काही मुस्लिम माणसं भांडी चाटताहेत असा एक व्हिडिओ देशभर फिरला, आणि हे लोक मुद्दाम कोरोना पसरवताहेत असं त्यावर लिहिलेलं होतं. व्हिडिओ कोरोनाच्या खूप आधीचा होता. त्यात बोहरा समाजातले लोक होते, आणि अन्नाचा कण वाया जाऊ नये म्हणून ताट पुसून खाण्याची रीत ते पाळत होते. बातम्या तपासणाऱ्या संकेतस्थळांनी हे दाखवून दिलं. पण आपल्यापैकी बहुतेकांनी त्यांची वाट पाहिली नाही. आपण व्हिडिओ बघताक्षणी विचारलं: हा कधीचा? कुठला? कोणी टाकला? आपण उत्तम टेस्टर झालो, कारण तो आपल्याला दुखावत होता.

आता दुसरी गोष्ट. नील आर्मस्ट्राँगने चंद्रावर अजान ऐकली, पृथ्वीवर आल्यावर तीच अजान पुन्हा ऐकली आणि इस्लाम स्वीकारला. ही किती जणांनी ऐकली आहे? बघा, पुन्हा सगळे हात. मी शाळेत असताना व्हॉट्सॲप नव्हतं, तरी ही गोष्ट मोहल्ल्यात होती. चंद्रावर हवा नाही. हवा नसेल तर आवाज पोचत नाही, हे आपण विज्ञानाच्या पुस्तकात वाचतो. आणि आर्मस्ट्राँग यांनी स्वतः याचा इन्कार केला होता. ही गोष्ट मुस्लिम देशांत इतकी पसरली की १९८३ साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आपल्या दूतावासांना कळवलं की कोणाच्या भावना दुखवायची आर्मस्ट्राँग यांची इच्छा नाही, पण त्यांनी धर्म बदललेला नाही.

व्हिडिओला आपण तीन प्रश्न विचारले, या गोष्टीला एकही नाही. ज्या माणसाने आपल्याला विज्ञान शिकवलं, त्यालाही कदाचित ही गोष्ट ऐकताना हवेची आठवण झाली नसेल. कारण गोष्ट गोड होती. जगातला एवढा मोठा माणूस आपल्यात आला, हे ऐकायला बरं वाटतं. ज्या समाजाबद्दल रोज वाईट बोललं जातं, त्याला तर जास्तच बरं वाटतं. ही गरज मला कळते. पण ज्याची श्रद्धा पक्की आहे, त्याला अंतराळवीराच्या प्रमाणपत्राची गरज कशाला?

कोणी म्हणेल, यात नुकसान काय झालं? या एका गोष्टीने कदाचित काहीच नाही. पण ज्या सवयीने आपण ती गिळली, तीच सवय दुसरी गोष्टही गिळते.

२००२ साली भारतात पोलिओचे सुमारे सोळाशे रुग्ण सापडले, आणि त्यातले बहुतेक उत्तर प्रदेशातले होते. पोलिओ झालेल्या मुलांमध्ये मुस्लिम मुलांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या वाट्यापेक्षा बरंच जास्त होतं. त्याला अनेक कारणं होती. वस्त्यांमधली घाण, उघडी गटारं, लसीकरणाची ढिसाळ व्यवस्था. पण एक कारण अफवा हेही होतं. हे थेंब पाजले की मुलांना पुढे मूल होणार नाही, मुसलमानांची संख्या कमी करण्याचा हा डाव आहे, असं कानोकानी पसरलं होतं. आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीची आठवण असलेली पिढी घरात होती. सरकारवर विश्वास नव्हता, आणि त्यालाही कारणं होती. म्हणून तो मेसेज मनात सहज बसला. 'आपल्याविरुद्ध डाव चालू आहे' ही ओळखीची भावना होती, आणि ओळखीचं ते खरं वाटलं. किंमत मात्र मुलांच्या पायांनी चुकवली.

हे बदललं कसं? नुसती पत्रकं वाटून नाही. त्याच वस्तीतल्या बायका दारोदार जाऊन बोलल्या. मशिदींमधून घोषणा झाल्या. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिल्लिया, जामिया हमदर्द या संस्था सोबत आल्या. ज्यांच्यावर विश्वास होता अशा माणसांनी सांगितलं. भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधल्या हावड्यात सापडला, आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला भाग पोलिओमुक्त जाहीर झाला. ज्या समाजाने अफवा ऐकली, त्याच समाजाने ती उतरवूनही टाकली. त्यासाठी वर्षं लागली.

तिसरा मुद्दा वेगाचा. २०१८ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी ट्विटरवरच्या सुमारे एक लाख सव्वीस हजार बातम्यांच्या साखळ्या तपासल्या. खोट्या बातम्या पुढे पाठवल्या जाण्याची शक्यता खऱ्या बातम्यांपेक्षा सत्तर टक्के जास्त होती. पंधराशे लोकांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला खोट्या बातमीच्या सुमारे सहापट वेळ लागत होता. हे यंत्रांमुळे होतं का, तेही त्यांनी पाहिलं. आपोआप चालणारी खाती वगळली तरी निकाल तोच राहिला. फरक माणसांमुळे पडत होता. खोट्या बातम्यांमध्ये नवेपणा जास्त होता, आणि त्यांवरच्या प्रतिक्रियांत आश्चर्य, भीती आणि किळस जास्त होती.

त्याच वर्षी आपल्या महाराष्ट्रात काय झालं? १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज त्या भागात आधीपासून फिरत होते. लोकांनी त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. त्याच दिवशी रात्री, तिथून फार दूर नसलेल्या मालेगावात, याच संशयाने जमाव पाच जणांवर चालून गेला. त्यांच्यात दोन वर्षांचं मूल होतं. एका रहिवाशाने त्यांना घरात घेतलं, पोलिस आले, आणि ते वाचले. मालेगावचा जमाव कोणाचा होता, हे मी तुम्हाला सांगायला नको. अफवेचा बळी आपणच असतो असं नाही. हातही आपला असू शकतो.

त्या काळात देशभर फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एक कराचीतला होता. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरून मूल उचलून नेतात, असं त्यात दिसतं. मूळ व्हिडिओ मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली जाहिरात होती. पुढच्या भागात ते मूल परत आणून सोडतात आणि मुलांची काळजी घ्या असा फलक दाखवतात. तो शेवटचा भाग कोणीतरी कापला होता.

सगळा दोष मनावर टाकू नका, हेही सांगायला हवं. अफवा मुद्दाम बनवणारे असतात, त्यातून फायदा उचलणारे असतात, वेळेवर न येणारी यंत्रणा असते. त्यांना जाब विचारलाच पाहिजे. पण मधला दुवा म्हणून आपला अंगठा असतो, आणि तो आपल्या ताब्यात आहे.

मग करायचं काय? मी चारच गोष्टी सांगतो.

पहिली, थांबा. हे ऐकायला फारच साधं वाटतं, पण त्यामागे पुरावा आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ट्विटरवरच्या लोकांना फक्त एका बातमीबद्दल विचारलं, ही तुम्हाला अचूक वाटते का? तेवढ्या आठवणीनंतर त्यांनी पुढे पाठवलेल्या बातम्यांचा दर्जा सुधारला. लोकांना खोटं पसरवायचं नसतं. पाठवताना 'हे खरं आहे का' हा प्रश्न मनातच येत नाही. व्हॉट्सॲपने एप्रिल २०२० मध्ये खूप वेळा फॉरवर्ड झालेले मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतील असं केलं, आणि कंपनीनेच सांगितलं की असे मेसेज सत्तर टक्क्यांनी कमी झाले. एवढ्याशा अडथळ्याने हा फरक पडला. मेसेजवर दोन बाण दिसले की समजा, तो बऱ्याच हातांतून आलाय.

दुसरी, सनद विचारा. हा शब्द आपल्याला नवा नाही. हदीस गोळा करणाऱ्यांनी प्रत्येक कथनाबरोबर सांगणाऱ्यांची साखळी लिहून ठेवली. कोणी कोणाकडून ऐकलं, ते दोघे भेटू शकत होते का, माणूस विश्वासू होता का, त्याची स्मरणशक्ती कशी होती. सांगणाऱ्यांच्या चरित्रांचं एक पूर्ण शास्त्रच उभं राहिलं. आलेली बातमी तपासून घ्या, अशी ताकीद सूरह हुजुरातमध्येही आहे. ज्या परंपरेत साखळी नसलेलं कथन विद्वान बाजूला ठेवत, तिचे वारस 'जसं आलं तसं पाठवतोय' असं लिहून हात झटकतात, हे मला बघवत नाही.

तिसरी, खरं आधी सांगा. एखादी अफवा खोडताना आपण ती दहा वेळा उच्चारतो, आणि ती आणखी ओळखीची होते. २००५ सालच्या एका अभ्यासात वयस्कर लोकांना एखादं विधान खोटं आहे हे पुन्हा पुन्हा सांगितलं. तीन दिवसांनी त्यातल्या अनेकांच्या लक्षात विधान राहिलं, 'खोटं' हा शिक्का पुसला गेला. म्हणून 'थेंबांनी वंध्यत्व येतं हे खोटं आहे' असं सुरू करू नका. 'हे थेंब पोलिओपासून वाचवतात, माझ्या बहिणीच्या मुलांना दिलेत' असं सुरू करा.

चौथी, वडीलधाऱ्यांशी अदबीने बोला. ग्रुपवर चाचांनी काही टाकलं आणि आपण सगळ्यांसमोर 'फेक आहे' म्हणून लिंक चिकटवली, की विषय मेसेजचा राहत नाही, इज्जतीचा होतो. त्यांना वेगळा फोन करा. 'चाचा, तो व्हिडिओ कुठून आला तुमच्याकडे? मी शोधला, तो जुना निघाला. तुम्हीच ग्रुपवर सांगाल का?' काढून टाकण्याचा मान त्यांना द्या. दुरुस्ती केली की लोक उलट जास्त हट्टाला पेटतात, असं २०१० नंतर काही वर्षं बोललं जात होतं. पुढच्या मोठ्या अभ्यासांत तसं क्वचितच दिसलं. समजावून सांगितलेलं बहुतेक वेळा थोडं तरी पोचतं. म्हणून सांगणं सोडू नका.

शेवटी एक घरचा अभ्यास देतो. पुढचे सात दिवस, रोज एक मेसेज तपासायचा. पण राग आणणारा नाही, तो तुम्ही तसाही तपासता. जो वाचून छाती फुलली, 'वा, आता यांना कळेल' असं वाटलं, तो घ्यायचा. फोटो असेल तर इंटरनेटवर उलटा शोध घेऊन तो आधी कुठे आला होता ते बघायचं. नाव असेल तर तो माणूस खरंच तसं बोलला का ते बघायचं. सात दिवसांनी सातपैकी किती टिकले ते मोजा. तो आकडा मला नको, तुमच्या घरातल्या कोणाला तरी सांगा, आणि त्यांनाही हाच खेळ खेळायला लावा.

आपल्याबद्दल खोटं पसरवू नका, अशी मागणी आपण इतरांकडे करतो आणि करत राहू. ती रास्त आहे. आपणही खोटं पुढे पाठवत नाही, हे दाखवता आलं की तिचं वजन वाढेल.

आता प्रश्न विचारा, आणि मी सांगितलेल्या गोष्टींचीही सनद मागा.